अमेरिकेत आर्किटेक्चर आणि इंटिरियर डिझाइन शिकणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतून आणि तिथे शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलांकडून हे प्रश्न सतत येतात. काहींची उत्तरं एका ओळीची आहेत, काहींना इतिहास आणि कायदा दोन्ही सांगावा लागतो. रकमा आणि मुदती दर वर्षी बदलू शकतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या संस्थेची चालू वर्षाची अटींची यादी वाचायचीच.

अमेरिकेत अल्पसंख्याक कोणाला म्हणतात? भारतीय वंशाची मुलं त्यात येतात का?

इथे धर्म हा आधार नसतो, वंश आणि वांशिक मूळ हा असतो. कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळ अमेरिकी आदिवासी, हवाई आणि पॅसिफिक बेटांवरचे मूळ रहिवासी आणि आशियाई असे ढोबळ गट धरले जातात. भारतीय वंशाची मुलं आशियाई गटात मोडतात.

पण म्हणून प्रत्येक शिष्यवृत्तीला ती पात्र असतातच असं नाही. बऱ्याच योजना या व्यवसायात ज्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने कमी आहे त्याच गटांसाठी असतात आणि त्या यादीत आशियाई असतीलच याची खात्री नसते. काही योजना एकाच समाजासाठी असतात. यादीत आपला गट नसेल तर अर्ज करू नये, कोणी 'करून बघा' म्हटलं तरी. तेवढा वेळ आर्थिक परिस्थितीवर किंवा घरातून पहिल्यांदा कॉलेजात जाण्यावर आधारलेल्या शिष्यवृत्त्यांना द्या. तिथे मराठी घरांतल्या मुलांना जास्त वाव असतो, आणि नेमक्या त्याच बाजूला कोणी बघत नाही.

याच क्षेत्रासाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या का निघाल्या?

जून १९६८. ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहरात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स, म्हणजे एआयए, या संस्थेचं अधिवेशन भरलं होतं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या नॅशनल अर्बन लीगचे प्रमुख व्हिटनी यंग यांना बीजभाषणासाठी बोलावलं होतं. शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांवरून महामार्ग नेले जात होते, पुनर्विकासाच्या नावाखाली माणसं उठवली जात होती, आणि नागरी हक्कांच्या लढ्यात या व्यवसायाचं योगदान काय, असा त्यांचा सवाल होता. तुमची ओळख म्हणजे तुमचं कानठळ्या बसवणारं मौन, असं त्यांनी त्या सभागृहात तोंडावर सांगितलं. टाळ्या घेणारं भाषण नव्हतं ते, पण त्याचा परिणाम झाला. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने एआयएने १९७० मध्ये अल्पसंख्याक आणि गरीब विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, डेट्रॉइटच्या अधिवेशनाच्या वेळी बारा कृष्णवर्णीय आर्किटेक्टनी एकत्र येऊन नोमा, म्हणजे नॅशनल ऑर्गनायझेशन ऑफ मायनॉरिटी आर्किटेक्ट्स, ही संघटना स्थापन केली.

त्याआधी हुशार कृष्णवर्णीय आर्किटेक्ट नव्हते असं नाही. रॉबर्ट टेलर यांनी १८९२ मध्ये एमआयटीतून पदवी घेतली आणि टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचा परिसर उभा केला. पॉल विल्यम्स १९२३ मध्ये एआयएचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. गोऱ्या ग्राहकाला आपल्या शेजारी बसायला संकोच वाटू नये म्हणून टेबलाच्या पलीकडून उलटं चित्र काढायला ते शिकले होते. एआयएचं सुवर्णपदक त्यांना २०१७ मध्ये मिळालं, तेही मरणोत्तर. आजही अमेरिकेतल्या परवानाधारक आर्किटेक्टमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण सुमारे २ टक्के आहे.

पैशाची बाजूही या क्षेत्रात जरा वेगळी आहे. बी.आर्क. पाच वर्षांचं. त्यात मॉडेलचं साहित्य, प्लॉटिंग, भारी लॅपटॉप, अभ्यासदौरे. स्टुडिओचे, म्हणजे प्रत्यक्ष डिझाइन करण्याच्या वर्गाचे, तास इतके लांबतात की बाजूला नोकरी करणं अवघड होतं. फी भरूनही ज्या घरात हा बाकीचा खर्च झेपत नाही, तिथला विद्यार्थी तिसऱ्या वर्षाच्या आसपास गळतो.

आर्किटेक्चरसाठी मुख्य शिष्यवृत्त्या कोणत्या?

१९७० ची ती योजना आज डायव्हर्सिटी ॲडव्हान्समेंट स्कॉलरशिप या नावाने आर्किटेक्ट्स फाउंडेशन चालवतं. ही एका वर्षाची नाही, अनेक वर्षं चालू राहते आणि एकूण मदत २०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकते. शाळेच्या शेवटच्या वर्षात किंवा कॉलेजच्या सुरुवातीच्या वर्षांत असणाऱ्यांनी ती आधी पाहावी. पुढच्या वर्षांत गेलेल्यांना तिचा उपयोग होत नाही, आणि नेमकी तिथेच बहुतेकांची गाडी चुकते.

एसओएम फाउंडेशनचा रॉबर्ट वेस्ली पुरस्कार २०२० मध्ये सुरू झाला. वेस्ली हे एसओएम या बड्या फर्मचे पहिले कृष्णवर्णीय भागीदार. १०,००० डॉलर आणि वर्षभराचं मार्गदर्शन असं त्याचं स्वरूप आहे. माझ्या मते यातलं मार्गदर्शन पैशापेक्षा मोलाचं आहे, कारण ज्यांच्या नात्यागोत्यात कोणी आर्किटेक्ट नाही त्यांना फर्ममध्ये ओळख अशीच होते. गेन्सलर या फर्मनेही २०२० नंतर तरुण कृष्णवर्णीय डिझायनरांसाठी शिष्यवृत्ती आणि तिला जोडून डिझाइन स्पर्धा सुरू केली.

नोमाच्या विद्यार्थी शाखा बऱ्याच कॉलेजांत आहेत. तिथलं सदस्यत्व घेतलं की स्थानिक शाखांच्या छोट्या शिष्यवृत्त्यांची बातमी वेळेवर कळते. एकेका शहरापुरत्या असलेल्या या शिष्यवृत्त्यांना अर्ज कमी येतात.

इंटिरियर डिझाइनच्या विद्यार्थ्यांचं काय?

त्यांना जरा जास्त शोधाशोध करावी लागते. आर्किटेक्चरच्या जुन्या शिष्यवृत्त्या आर्किटेक्चरच्या पदवीला बांधलेल्या आहेत आणि इंटिरियरचा अर्ज तिथे पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो. वर सांगितलेल्या वेस्ली पुरस्कारात मात्र इंटिरियर आर्किटेक्चर, लँडस्केप आणि शहरी रचना हे विषयही धरलेले आहेत. त्याशिवाय एएसआयडी आणि आयआयडीए या इंटिरियर डिझायनरांच्या दोन मोठ्या संस्था आहेत. त्यांच्या राष्ट्रीय योजनांइतकंच त्यांच्या प्रादेशिक शाखांकडे लक्ष ठेवावं. फर्निचर, गालिचे, दिवे बनवणाऱ्या कंपन्यांच्या शिष्यवृत्त्या बऱ्याचदा या शाखांमार्फतच दिल्या जातात.

अभ्यासक्रमाची मान्यता इतकी महत्त्वाची का?

कारण बहुतेक अर्जांत तो पहिलाच प्रश्न असतो. आर्किटेक्चरच्या पदव्यांना नॅब (NAAB) हे मंडळ मान्यता देतं, इंटिरियर डिझाइनच्या अभ्यासक्रमांना सिडा (CIDA). नॅबची मान्यता कॉलेजला नसते, विशिष्ट पदवीला असते. एकाच विद्यापीठात बी.आर्क.ला मान्यता असते, पण शेजारच्या चार वर्षांच्या 'आर्किटेक्चरल स्टडीज' पदवीला नसते. चार वर्षांची पदवी घेऊन पुढे दोन वर्षांचं एम.आर्क. करायचं, हाही रुळलेला रस्ता आहे, पण त्या चार वर्षांत शिष्यवृत्ती चालते की नाही, हे त्या संस्थेला लेखी विचारून घ्या.

२०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या शिष्यवृत्त्या बंद झाल्या का?

सरसकट नाही. पण चित्र बरंच बदललं आहे, आणि जुन्या याद्यांवर विसंबून राहणाऱ्यांची इथेच फसगत होते.

जून २०२३ मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यांत न्यायालयाने प्रवेश देताना वंशाला वजन देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. निकाल प्रवेशांबद्दल होता, शिष्यवृत्त्यांबद्दल त्यात थेट आदेश नव्हता. तरी सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना वंशावरून भेदभाव करायला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण बंदी घालतं, आणि तोच तर्क शिष्यवृत्तीला लागेल या धास्तीने अनेक विद्यापीठांनी आपल्या योजनांची भाषा बदलली. काहींनी वंशाची अट काढून 'या व्यवसायात विविधता वाढवण्याची बांधिलकी' अशा शब्दांत ती मांडली, काहींनी आर्थिक निकष आणले, तर काहींनी योजनाच गुंडाळली.

खासगी संस्थांची गोष्ट निराळी. त्यांना १८६६ च्या कायद्यातून आलेलं एक कलम लागू होतं, कलम १९८१. करार करताना वंशावरून भेद करायचा नाही, असं ते सांगतं. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्याचा आधार घेऊन आज कृष्णवर्णीयांसाठीच्या मदतीविरुद्ध दावे उभे राहतात, हा इतिहासाचा विलक्षण उलटफेर आहे. अटलांटाच्या फिअरलेस फंड या गुंतवणूक संस्थेची कृष्णवर्णीय महिला उद्योजकांसाठीची अनुदान स्पर्धा जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने थांबवली आणि काही महिन्यांनी तडजोडीत ती कायमची बंद झाली. तो खटला शिष्यवृत्तीचा नव्हता, पण खासगी फाउंडेशनांच्या वकिलांनी त्याची दखल घेतली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने एक पत्र काढून शिष्यवृत्त्यांनाही हाच नियम लागू असल्याचं कळवलं. त्या पत्राला न्यायालयात आव्हान मिळालं आणि त्याच वर्षी न्यायालयांनी ते अडवलं.

विद्यार्थ्याने यातून एवढंच घ्यायचं : नाव तेच राहून अटी बदललेल्या असू शकतात. जी योजना पूर्वी एका गटापुरती होती ती आता सर्वांना खुली असेल, म्हणजे पूर्वी अपात्र असलेला विद्यार्थी आता पात्रही असू शकतो.

मग निबंधात स्वतःच्या वंशाबद्दल लिहावं की टाळावं?

लिहायला हरकत नाही. वंशाचा आपल्या आयुष्यावर कसा परिणाम झाला हे अर्जदार सांगत असेल, तर विद्यापीठाने ते विचारात घ्यायला बंदी नाही, असं २०२३ च्या निकालातच म्हटलं आहे. मात्र त्याचा संबंध अर्जदाराच्या धडाडीशी किंवा कामाच्या कुवतीशी जोडलेला असावा.

परीक्षकांना 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच वाचायचं नसतं. त्यांना अर्जदाराची नजर बघायची असते. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात तेव्हा अभ्यासाची जागा कुठे असते, पाहुणा आला की कोणाचं अंथरूण हलतं, आजीला संडासाचा उंबरा ओलांडताना कुठे धरावं लागतं, हे ज्याने पाहिलं आहे आणि त्यावर एखादं रेखाटन केलं आहे, त्याचा निबंध लक्षात राहतो. 'लहानपणापासून मला इमारतींची आवड आहे' या वाक्याने सुरू होणारे अर्ज गठ्ठ्याने येतात.

निबंध पालकांनी लिहून देऊ नये. सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी पन्नाशीची भाषा लगेच कळते.

पोर्टफोलिओत काय ठेवायचं?

थोडं आणि निवडक. पाच कामं चांगली असतील तर पाचच. सहावं बरं काम पाच चांगल्या कामांची छाप पुसतं.

शाळेतून अर्ज करणाऱ्यांकडून कोणी इमारतींचे नकाशे मागत नाही. हाताने काढलेली चित्रं, शिवणकाम, सुतारकाम, छायाचित्रं, मातीकाम, सगळं चालतं. कॉलेजात असणाऱ्यांनी मात्र शेवटचं चकचकीत रेंडरिंग, म्हणजे इमारतीचं संगणकावर केलेलं चित्र, तेवढं न देता तिथपर्यंतचा प्रवासही दाखवावा : पहिली रेखाटनं, फसलेलं मॉडेल, ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडताना, कोणी काय म्हटल्यावर जिना कुठून कुठे गेला. इंटिरियरच्या पोर्टफोलिओत साहित्याची निवड आणि तिचं कारण हवं. कापड आणि लाकडाच्या नमुन्यांचे तुकडे सुंदर मांडलेले असतात, पण ते तिथे का, याचं एक वाक्यही नसतं, हे फार वेळा दिसतं. मॉडेलचे फोटो दिवसाच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर काढा. गटाने केलेल्या कामात आपला वाटा कोणता, हे स्पष्ट लिहा.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नका. ऑटोडेस्कची ऑटोकॅड आणि रेव्हिट विद्यार्थ्यांना मोफत मिळतात.

शिफारसपत्र कोणाकडून घ्यावं?

ज्यांनी तुमचं काम होताना पाहिलं आहे त्यांच्याकडून. स्टुडिओचे शिक्षक सगळ्यात बरे. नामांकित पण तुम्हाला जेमतेम ओळखणाऱ्या व्यक्तीचं पत्र कमी पडतं. महिनाभर आधी विचारा, आणि सोबत पोर्टफोलिओ व निबंधाचा मसुदा द्या.

मिळालेल्या रकमेत भागतं का?

बहुतेक वेळा नाही. पाच वर्षांच्या खर्चापुढे एका वर्षाचे दोन-पाच हजार डॉलर ही फोडणी झाली. म्हणून आकड्याआधी दोन गोष्टी पाहा. शिष्यवृत्ती दर वर्षी पुढे चालू राहते का, आणि त्यासाठी किती ग्रेड टिकवावी लागते? स्टुडिओच्या विषयात ग्रेड घसरणं अगदी सामान्य असतं, त्यामुळे फार वरची अट असलेली मोठी शिष्यवृत्ती दुसऱ्याच वर्षी हातातून जाऊ शकते. माफक अट असलेली, दर वर्षी मिळणारी छोटी रक्कम मला जास्त भरवशाची वाटते. दुसरं, पैसे थेट कॉलेजच्या खात्यात जातात की विद्यार्थ्याच्या? साहित्य, लॅपटॉप, प्रवास यांचा खर्च फीच्या खात्यातून निघत नाही.

बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेज स्वतःची मदत कमी करतं, हे खरं का?

हो, असं होतं. बाहेरून ३,००० डॉलर आले की कॉलेज स्वतःच्या अनुदानातून तेवढेच वजा करतं आणि घरच्यांच्या हाती काहीच जास्त पडत नाही. मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांवर याबाबत बंधन आणलं, असं करणारं ते पहिलं राज्य. इतरत्र आर्थिक मदत कार्यालयात थेट विचारा : कपात आधी कर्जातून आणि कॅम्पसवरच्या कामाच्या रकमेतून करणार, की अनुदानातून? विनंती केली तर काही कॉलेजं क्रम बदलतात. शिष्यवृत्ती देणारी संस्थाही कधी कधी रक्कम पुढच्या वर्षावर ढकलायला तयार होते.

शिष्यवृत्तीवर कर लागतो का?

पदवीसाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ती फी, पुस्तकं आणि अभ्यासक्रमासाठी सर्वांना सक्तीचं असलेलं साहित्य यावर खर्च केली तर लागत नाही. राहण्या-जेवणावर वापरलेला भाग करपात्र असतो. मॉडेल आणि ड्रॉइंगच्या साहित्याच्या पावत्या आणि विषयाची साहित्ययादी जपून ठेवा.

भारतातून एफ-१ व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यांना या मिळतात का?

बहुतेक नाही. अनेक योजनांत अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, आणि सरकारी मदतीचा एफएएफएसए हा अर्जही एफ-१ वाल्यांना भरता येत नाही. त्यांनी विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती आणि एम.आर्क.च्या वेळी मिळणारी शिक्षण-सहायकाची कामं आधी पाहावीत. भारतातून निघतानाच विचार करायचा तर १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी आगा खान फाउंडेशनचीही आहे, त्यात निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी कर्ज असते. दोन्हींत परतफेड आहे, हे घरात आधीच नीट बोलून ठेवावं.

कम्युनिटी कॉलेजातून सुरुवात केली तर संधी जाते का?

जात नाही, आणि पैसे वाचवायचा तो शहाणपणाचा मार्ग आहे. फक्त तिथल्या स्टुडिओचे क्रेडिट पुढच्या कॉलेजात कितव्या वर्षाला धरले जातील, हे प्रवेश घेण्याआधी विचारा. दोन वर्षं करूनही पुन्हा पहिल्या वर्षाच्या स्टुडिओत बसवलं तर वाचवलेले पैसे तिथेच संपतात.

ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांत फक्त कृष्णवर्णीयांनाच प्रवेश असतो का?

नाही. ही विद्यापीठं कृष्णवर्णीयांना शिक्षण मिळावं म्हणून निघाली, पण प्रवेश सर्वांना असतो. हॉवर्ड, टस्कीगी, हॅम्प्टन, मॉर्गन स्टेट, फ्लोरिडा ए अँड एम, प्रेअरी व्ह्यू अशा विद्यापीठांत नॅबची मान्यता असलेल्या पदव्या आहेत. देशातल्या कृष्णवर्णीय आर्किटेक्टपैकी बरेच इथूनच घडले.

अर्जासाठी पैसे मागत असतील तर?

भरू नका. 'शिष्यवृत्ती हमखास' म्हणणारे, बँकेचा तपशील आधी मागणारे, न केलेल्या अर्जाबद्दल अभिनंदन करणारे, सगळे एकाच माळेचे मणी. एफएएफएसए भरून द्यायला पैसे घेणारेही आहेत, पण तो अर्ज मोफत आहे.

पदवीनंतर परवान्याच्या परीक्षांसाठी मदत मिळते का?

आर्किटेक्टच्या परवान्याच्या परीक्षेचे सहा भाग आहेत आणि प्रत्येक भागाची फी स्वतंत्र भरावी लागते. त्यासाठी आर्किटेक्ट्स फाउंडेशनची जेसन पेटिग्रू यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी शिष्यवृत्ती आहे. इंटिरियरच्या एनसीआयडीक्यू परीक्षेचे तीन भाग असतात. बऱ्याच फर्म ही फी कर्मचाऱ्यांना परत देतात, पण आपणहून सांगत नाहीत. नोकरीची बोलणी चालू असतानाच विचारून घ्या.

पहिल्यांदा निवड झाली नाही तर पुन्हा अर्ज करता येतो का?

पात्रतेचं वर्ष उलटलं नसेल तर बहुतेक ठिकाणी येतो. नकार आला की आभाराचं पत्र पाठवून अभिप्राय मिळेल का, असं विचारा. छोट्या फाउंडेशनांतली माणसं उत्तर देतात. पुढच्या वेळी पोर्टफोलिओत किमान एक काम नवीन असू द्या आणि निबंध पुन्हा कोऱ्या कागदावरून लिहा, कारण समितीत गेल्या वर्षीचेच परीक्षक असू शकतात.